पान उलटणारी

त्या लहानशा शहरातल्या वाद्यवृंदात पोटासाठी कोणीच वाजवत नव्हतं. पोस्टमन ट्रम्पेट फुंकायचा, दाताचे डॉक्टर चेलो ओढायचे, आणि डॉक्टरांमुळे दुखणं कुठे जास्त होतं, दवाखान्यात की इथे, यावर बेकरीवाला दर रविवारी तोच विनोद करायचा. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर समोर उभे राहून छडी हलवायचे. व्हायोलिनच्या पहिल्या स्टँडमागे दोघी बहिणी बसायच्या, थोरली आणि धाकटी. बावीस वर्षं वही ठेवायला एकच स्टँड आणि दोघींत मिळून सुरांची एकच वही.

अशा जोडीचा एक नियम असतो. डावीकडचीने पान उलटायचं आणि उजवीकडचीने, आभाळ कोसळलं तरी, वाजवत राहायचं. डावीकडे थोरली बसायची. बोट जिभेला लावून पानाचा कोपरा ओला करायची तिची खोड होती. सगळ्या पानांच्या कोपऱ्यांवर पिवळे डाग पडले होते. "शी! तुझी ही सवय मेल्याशिवाय जायची नाही," असं धाकटी म्हणायची.

तीन महिन्यांपूर्वी सराव चालू होता. धाकटीचा एकटीने वाजवायचा तुकडा तोंडावर आला होता, सगळ्या आठ ओळी. तेवढ्यात थोरली कुजबुजली, "थांब गं… पान तू उलट."

"शू… उलट आधी!" धाकटी खेकसली.

थोरलीने पान उलटलं आणि ती खाली वाकली. पेन्सिल पडली असावी, असं सगळ्यांना वाटलं. धाकटीने आठही ओळी सुरात वाजवल्या, मग वळून पाहिलं. तोवर सगळं संपलं होतं.

हृदयविकारच होता. तो घराण्यात असू शकतो, मुलीलाही तपासून घ्या, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं. थोरलीची मुलगीही याच वाद्यवृंदात मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवायची. "कार्यक्रम झाला की जाते गं मावशी," एवढं बोलून तिने विषय झटकला. धाकटीने दोघींच्या स्टँडला दोरा बांधला आणि त्याला पेन्सिल अडकवली. आता ती पडणार नव्हती. का बांधली, हे तिलाही सांगता आलं नसतं.

डावी खुर्ची रिकामी राहिली. पहिल्याच सरावाला पानाच्या शेवटच्या ओळीवर धाकटीचा गज अडखळला, कारण उलटणार कोण? पान आपसूक उलटलं. वारा असेल. पण दारं-खिडक्या बंद होत्या, आणि कोपऱ्याला हात लावला तर तो ओला होता.

तिने कोणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर पहिले काही आठवडे तिला बरंच वाटलं. भीती वाटायला लागली ती भाचीने हट्ट धरल्यावर.

"आईच्या स्मृतीचा कार्यक्रम आहे, तिच्या खुर्चीवर मीच बसणार."

"तिथे नको बसूस, बाळा…"

"का? तिथे कोणी बसलंय का?"



कार्यक्रम दुपारी होता. सभागृहात उन्हाचे लांब पट्टे पडले होते आणि सतरंज्यांचा कोंदट वास येत होता. भाची आईच्या डाव्या खुर्चीवर बसलीच होती. निघताना धाकटीने मनाशी खूणगाठ बांधली होती: या वेळी हूं की चूं झालं तरी मी थांबणार. मग मास्तर रागावोत, लोक हसोत.

तिच्या आठ ओळी जवळ आल्या आणि डाव्या कानाशी कुजबुज झाली. "थांब गं… पान तू उलट."

तिने गज टाकलाच. "डॉक्टर! धावा! पोरीला काहीतरी होतंय!"

सगळी वाद्यं एकामागून एक गप्प झाली. डॉक्टर चेलो टाकून धावले. भाची लाजून लालबुंद झाली होती.

"मावशी, अगं मला काही झालेलं नाही. मी बोललेसुद्धा नाही."

डॉक्टरांनी नाडी पाहिली. "ठणठणीत आहे," ते म्हणाले. लोकांत खसखस पिकली, मायेचीच, पण पिकली. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तरांनी छडी उचलली. "हरकत नाही. त्याच ओळीवरून."

पुन्हा तेच सूर सुरू झाले. तीच ओळ जवळ आली. आणि पुन्हा डाव्या कानाशी तीच कुजबुज, या वेळी धाप लागल्यासारखी… "मावशी… पान… तू उलट…"

आता नाही फसायची, धाकटीने ठरवलं. भरल्या सभागृहात दुसऱ्यांदा शोभा नको. नजर वहीवरून न हलवता ती दातांतल्या दातांत पुटपुटली, "शू… उलट आधी!"

पान वेळेवर उलटलं. धाकटीने आठ ओळी वाजवल्या, आयुष्यात कधी वाजवल्या नव्हत्या इतक्या सुरेल. बेकरीवाल्याने डोळे पुसले. शेवटचा सूर विरत असताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. थोरली तिला कधी मावशी म्हणाली नव्हती.

तिने वळून पाहिलं. भाची खाली वाकलेली होती. पेन्सिल पडली असावी, असंच मागच्या रांगांना वाटलं. पेन्सिल मात्र दोऱ्याला जागच्या जागी लटकत होती.

"अगं… ए पोरी…"

भाचीचे दोन्ही हात छातीशी घट्ट आवळलेले होते. त्या हातांनी पान उलटलेलं नव्हतं.

मास्तरांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं, त्यांची छडी अजून हलत होती. आणि स्टँडवरच्या पुढच्या पानाचा कोपरा ओला होऊन अर्धा उचलला गेला होता… ओळ संपायची वाट बघत.