दसऱ्याला बंद केलेला सर्व्हर

"माझं नाव उडालं म्हणतात! नाव काय पतंग आहे उडायला?"

गुणवंतीमावशी इरावतीच्या फणसवाडीतल्या ऑफिसात आल्या त्या अशा भांडतच. नवरा गिरणीत होता, तो गेल्यापासून भोईवाड्याच्या चाळीत एकट्या. चाळीच्या जागी टॉवर व्हायचा होता. उद्या नव्या खोल्यांच्या चिठ्ठ्या निघणार आणि बिल्डरच्या कॉम्प्युटरमध्ये मावशींचं नावच नव्हतं.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसातल्या त्या रंजितानं पडद्यावर नाव दाखवलं होतं गो बाय. दसऱ्यानंतर गेले तर म्हणतात, सर्व्हर बंद केला होता, त्यात गेलं. आता या वयात रस्त्यावर राहू?"

इरावती खासगी डिटेक्टिव्ह. एवढं ऐकून तिचं डोकं तापलंच.

"जयवंत, ऊठ," ती मदतनिसाला म्हणाली. "चहा नंतर."

तिघं परळला बिल्डरच्या ऑफिसात पोचली. म्हातारी बाई दारात उभी, पण मॅनेजर हितेंद्रनं पायावरचा पायसुद्धा काढला नाही. काय हा माज!

"अहो मॅडम, दसऱ्याला सगळी यंत्रं बंद ठेवून पूजा करतो आम्ही. सर्व्हरसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच्या हातानं चालू केला, तर यांचं नाव गेलेलं. रंजितानं नीट बंद केला नसणार. तिला काढतोय मी."

रंजिता रडकुंडीला आली होती. "हॉलमधले सगळे कॉम्प्युटर मीच बंद केले. कुंकू लावलं, हार घातले. सर्व्हरचंही बटण दाबलं, पडदा काळा झाल्यावर त्यालाही हार घातला. हितेंद्रसाहेबांच्या केबिनमध्ये तेवढी गेले नाही. साहेब म्हणाले, आतलं मी बघतो, शेवटी मीच निघणार आहे."

सर्व्हर सांभाळणारा धनेश म्हणाला, "मी दसऱ्याला वेंगुर्ल्यात होतो, गावी. आणि बाहेरून सर्व्हरला हात लावायची सोयच नाही. इथल्याच कॉम्प्युटरवर बसावं लागतं."

जयवंत कुजबुजला, "पोरीनंच घोळ घातला बघ."

"तू गप रे!" इरावती धनेशकडे वळली. "सर्व्हरला क्वेरी टाक. विचार, तू सलग कधीपासून चालू आहेस?"

धनेशनं टाइप केलं आणि उत्तराकडे बघतच राहिला. "गणपतीपासून. मध्ये एकदाही बंद नाही."

"अरे, मग दसऱ्याला?" जयवंत ओरडला.

"थांब. धनेश, आता विचार, कोण जोडलेलं आहे आणि कधीपासून."

ओळी उमटल्या. हॉलमधले सगळे कॉम्प्युटर दसऱ्यानंतर जोडलेले. एकच दसऱ्याच्या आधीपासून होता. केबिनमधला.

हितेंद्रचा पाय आता खाली आला.

"रंजितानं बटण दाबलं ते नुसत्या पडद्याचं," इरावती म्हणाली. "सर्व्हर चालूच राहिला. तो बंद आहे अशी सगळ्या ऑफिसची समजूत झाली, तिचीसुद्धा. पाप करायला यापेक्षा बरा दिवस कुठला? मावशींचं नाव दसऱ्याच्या आदल्या दिवशी होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नव्हतं. दसऱ्याला हॉल बंद, धनेश गावी. सर्व्हरशी जोडलेला कॉम्प्युटर एकच, तुमचा, आणि ऑफिसात शेवटी तुम्हीच. बरं, मला एवढंच सांगा हितेंद्र, जो बंदच झाला नाही तो सर्व्हर तुम्ही स्वतःच्या हातानं चालू कसा केलात?"

हितेंद्र टेबलावरचे कागद गोळा करायला लागला.

"लाज नाही वाटली?" जयवंतचा आवाज चढला. "वर त्या पोरीच्या पोटावर पाय देताय!"

"एका नावाचं काय एवढं," हितेंद्र पुटपुटला. "घालू परत."

धनेश रोज रात्री सर्व्हरची आपोआप प्रत निघेल अशी व्यवस्था ठेवायचा. दसऱ्याच्या आदल्या रात्रीची प्रत त्यानं उघडली. मावशींचं नाव तिथं होतं. रंजितानं डोळे पुसले आणि ती प्रत आजच्या नावांशी ताडून बघितली.

"मावशी, तुम्ही एकट्या नाही," ती म्हणाली. "रमाबाईंचं नाव गेलंय, कमलताईंचं गेलंय, वरच्या मजल्यावरच्या इंदूआजींचं... या सगळ्या एकट्या राहणाऱ्या बायका आहेत."

"आमच्या खोल्या परस्पर विकल्या तर कोण विचारायला येणार, असं वाटलं ना रे तुला?" मावशी हितेंद्रला म्हणाल्या. "रंजिता, चाळीत फोन लाव. म्हणावं, सगळ्या जणी इकडे या."

हितेंद्र बॅग घेऊन उठला. जयवंतनं खुर्ची ओढली, दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसला.