थांब म्हणाली ती

"आधी बोट लावा. बोट लावल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाही... मानी असतो तो."

राजरत्नचं हे वाक्य मैत्रेयीच्या कानात रोज सकाळी उमटायचं. बुद्धवंदना झाली की ती मोबाईलवर त्याने बनवलेलं पान उघडायची आणि बोट तसंच अधांतरी राहायचं. पानावरचा आवाज तिचाच होता. आठवण मात्र त्याची... आणि तो तर येईनासा झाला होता.

वर्षावासाच्या, पावसाळ्यातल्या त्या तीन महिन्यांच्या सुरुवातीला तो पहिल्यांदा अंबरनाथ पश्चिमेच्या विहारात आला होता. बुद्धचरित्राचं त्या दिवसाचं वाचन संपलेलं, मैत्रेयी सतरंज्या गुंडाळत होती. दारात ओली छत्री झटकत एक उंच मुलगा उभा.

"बनूबाई माझी आत्या. गुडघ्यांमुळे तिला इथल्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हणते, त्या पोरीचं वाचन ऐकल्याशिवाय घास उतरत नाही. ती पोरगी... कुठे भेटेल?"

"सतरंजीचं दुसरं टोक धराल तर भेटेल."

त्याने निमूट धरलं. तो उल्हासनगर कॅम्प पाचचा. घरी बसून वेबसाइट बनवायचा. आत्याचा फोन जुना, नेट रडकं. मैत्रेयीचं वाचन तिला ऐकवायचं म्हणून त्याने एक इवलीशी लायब्ररी लिहायला घेतली होती.

"लायब्ररी? मग कपाट कुठाय?"

"कोडची लायब्ररी, मॅडम. ब्राउझरमध्ये आवाज वाजवायला दरवेळी सगळं नव्याने कशाला लिहायचं? एकदा बांधून ठेवायचं, कुणीही वापरायचं. मोठ्या लायब्ररीत दुनियाभरचा पसारा असतो. माझी तुमच्या एका फोटोपेक्षा हलकी आहे."

"माझा फोटो तुमच्याकडे कुठून आला?"

तो असा काही लाजला की सतरंजीचं टोक हातातून सुटलं.

मग रोज संध्याकाळी तो वाचन रेकॉर्ड करायला येऊ लागला. लायब्ररीतले हुकूमही त्याने मराठीत ठेवले होते — वाजव, हळू, थांब. पण 'थांब' दाबलं की वाचन परत पहिल्या ओळीवर जायचं. मैत्रेयी बनूबाईंना भेटायला गेली तेव्हा त्या त्याच्यावर करवादतच होत्या.

"अरे, दूध उतू जातंय म्हणून उठले, तर आली ही पुन्हा पहिल्या पानावर. माझा बुद्ध काही घराबाहेर पडतच नाही बघ."

"थांब म्हणजे बंद, आत्या."

"थांब म्हणजे वाट बघ," मैत्रेयी म्हणाली. "रिक्षावाल्याला थांब म्हटलं तर तो काय घरी निघून जातो?"

"कॅम्प पाचचा असला तर जातो."

तिघंही हसले. हसताना त्याची नजर तिच्यावरच राहिली... आणि तिने ती चुकवली नाही.

भाद्रपद पौर्णिमेला विहाराच्या पायरीवर दोघंच होते. पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या.

"बंगळुरूला नोकरी लागलीय," तो हळूच म्हणाला. "जायच्या आधी... घरी सांगू का? आपलं?"

मैत्रेयीचं मन केव्हाच हो म्हणून बसलं होतं. पण वर्षावासभर तिचा नेम होता — पौर्णिमा-अमावस्येच्या उपोसथाला अष्टशीलाचं व्रत, रोज वाचन, आणि स्वतःसाठी काही मागायचं नाही. मान खाली घालून ती एवढंच म्हणाली, "थांब ना..."

पहिल्यांदाच ती त्याला 'अहो-जाहो' सोडून बोलली होती. त्यातच सगळं आलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. आठवडे तसेच सरले. शेवटी वर्षावास संपत आला तेव्हा बनूबाईंनीच तिला विहाराच्या पायऱ्यांखाली गाठलं.

"माझ्या पोराला नाही म्हणालीस म्हणे."

"मी? कधी?"

"थांब म्हणालीस. त्याने ऐकलं — बंद." बनूबाईंनी कपाळाला हात लावला. "दोघंही शिकलेले, आणि मराठी कुणालाच येईना. पौर्णिमेच्या रात्री निघतोय तो. लावू फोन?"



"नको आत्या. एका शब्दाने एवढं केलं. नेम पुरा झाला की पौर्णिमेलाच मी घरी जाऊन सांगेन, त्याच्या आईसमोर. शब्द देते."

त्या संध्याकाळी तिने पान उघडलं. वाक्य अर्ध्यावर असताना 'थांब' दाबलं. थोड्या वेळाने 'वाजव'.

तिचा आवाज तिथूनच उमटला... जिथे राहिला होता, नेमका त्याच शब्दावरून.

म्हणजे त्याने ते बदललं होतं. गुपचूप. रुसलेला माणूस असं बदलतो का? ते वाक्य ती पुनःपुन्हा थांबवत राहिली, आणि दरवेळी ते तिच्यासाठी थांबत राहिलं.

आश्विन पौर्णिमेला वंदना झाली, भंतेजींना खीरदान झालं. घरी येऊन मैत्रेयीने पांढऱ्या साडीचा पदर सारखा केला.

"आता कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"कॅम्प पाचला. एकाने काही विचारलं होतं... उत्तर द्यायचं राहिलंय."

आईने डब्यात उरलेली खीर भरून तिच्या हातात दिली.

"रिकाम्या हाताने जाऊ नये."

मैत्रेयीने वाकून आईला नमस्कार केला, दार हलकेच ओढून घेतलं आणि ती जिना उतरू लागली.