बिननावाचा खळगा

नावं गोळा करायचं काम म्हणजे गप्पा मारायची नोकरी, असं टोरमॉड मॅकास्किलला वाटे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या त्या डोंगराळ परगण्यातला ओढा न् ओढा, खडक न् खडक सरकारी नकाशावर चढायचा होता. लोक सांगतील ते नाव टोरमॉड वहीत उतरवी आणि पुढे तीन प्रतिष्ठितांच्या सह्या घेई. सगळी नावं मिळाली होती. अडला होता तो फक्त एफी म्हातारीच्या झोपडीमागचा खळगा. मोजणीच्या छावणीचा प्रमुख कॅप्टन रेंडल यानं सकाळीच बजावलं होतं, "आज एक जरी जागा कोरी राहिली, तर गाशा गुंडाळायचा."

एफी जवाची भाकरी भाजत होती.

"आजी, तुमच्याकडे मेंढी घसरली त्या दगडालाही नाव आहे. मग ह्यालाच का नाही?"

"आम्ही कुणाला नावं ठेवत नाही बाबा," म्हातारी खुदकन हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "नाव दिलं की हाक मारता येते, पोरा. आणि हाक मारली की... ओ येते."

"कुणाची?"

"ते बघायला थांबलंय कोण!"

झालं! टोरमॉडला असं काही सांगणं म्हणजे आगीत तेल. तो थेट खळग्यात उतरला. भरदुपारी तिथे धुकं साचलेलं, ओल्या लोकरीचा वास, आणि वारा कुणी दार लावून घ्यावं तसा बंद. तो खाकरला. ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. त्याला भीती वाटली, पण मौजही वाटली. शेवटी नोकरी वाचवायला त्यानं तिथेच बसून लिहून टाकलं : 'टोरमॉडचा खळगा'. पाद्रीबुवा आणि दोघे जमीनदार जन्मात तिकडे चढले नव्हते, त्यामुळे त्यांनी बिनदिक्कत सह्या ठोकल्या.

सह्या घेऊन छावणीकडे परतताना त्यानं ऐटीत एफीला वही दाखवली, नाव वाचून दाखवलं. म्हातारीच्या हातातली भाकरी निखाऱ्यात पडली.

"स्वतःचं दिलंस? अरे, मेलेल्या कुणाचं दिलं असतंस तरी चाललं असतं... खोड ते."

"तीन सह्या झाल्यात, आजी. आता खोडता येत नाही."

तो हसतच उतरणीला लागला. म्हातारी दारात आली आणि न राहवून ओरडली, "टोरमॉड! थांब!"

"ओ..."

आवाज झोपडीमागून आला होता. आवाज त्याचाच होता. टोरमॉडनं तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. एफीनं पदरासारखी शाल तोंडावर घेतली आणि दार लावून घेतलं. तो छावणीपर्यंत पळत सुटला.

दिवस मावळायच्या आत तंबूत हजेरी झाली. कॅप्टन खाली मान घालून नावं पुकारत होता.

"टोरमॉड मॅकास्किल!"

टोरमॉडनं जीव खाऊन तोंड उघडलं. घशातून काहीच निघेना.

"हजर," तंबूच्या कापडापलीकडून कुणीतरी म्हणालं.

कॅप्टननं यादीत नावापुढे खूण केली. मग मान वर करून समोर उभ्या असलेल्या टोरमॉडकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"आणि तू रे कोण?"