पाडायचं : शून्य

मार्था सिस्टरने सकाळी केंद्रातला संगणक उघडला आणि पेशंटची यादी रिकामी निघाली. नावं नाहीत, तारखा नाहीत, कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं तो आकडा नाही. डायलिसिसला आलेली माणसं मात्र समोर खुर्च्यांवर बसलेली होती.

तिने केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टला फोन केला. ट्रस्टने क्लेमेंटीन तुस्कानोला केला.

क्लेमेंटीनबाई एका बँकेची संगणक यंत्रणा सांभाळून निवृत्त झालेल्या, राहणार सांडोर. केळीचे घड उतरवायचं काम तसंच टाकून त्या स्कूटरवर निघाल्या, तेव्हाच त्यांचं डोकं तापलेलं होतं. ट्रस्टच्या सगळ्या केंद्रांच्या नोंदी सांभाळणारी कंपनी स्टेशनजवळ एका बेकरीच्या वर होती. खालची बेकरी वरच्या कंपनीपेक्षा शिस्तीत चालत असणार, हे जिना चढतानाच कळत होतं.

मालक हितेश दारातच उभा होता. या माणसाला कुणी कधी गप्प बसायला शिकवलेलं नव्हतं.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. गुन्हेगार सापडलाय. आमची ॲनिशा. पोलीस तक्रार तयार आहे, संध्याकाळपर्यंत देतो."

"इतक्या लवकर? बॅकअप कुठाय?"

"तो... जरा अडकलाय. महिनाभर. दुरुस्तीचं तिकीट उघडलेलं आहे."

"म्हणजे गुन्हेगार लगेच सापडतो आणि बॅकअप महिनाभर सापडत नाही. पुढे बोला."

हितेशने पाठ केलेलं भाषण सुरू केलं. इथे सर्व्हरला हाताने कुणीही शिवत नाही. काय हवं ते कोडमध्ये लिहायचं. ते वाचून मशीन आराखडा दाखवतं : नवीन काय बांधणार, काय पाडणार. दुसऱ्या माणसाने तो तपासून मंजुरी द्यायची. संध्याकाळी केंद्रं बंद झाली की मशीन आपोआप कामाला लागतं. ही सगळी पद्धत कंपनीच्या तांत्रिक प्रमुख रचना मॅडमनी बसवली. त्यावर त्या कॉलेजांतून भाषणं देतात.

"दोन वर्षं तोच सर्व्हर, तीच डिस्क. कुणी बोट लावलेलं नाही. आणि या मुलीने काल एका मंजुरीत सगळं उडवलं!"

पडद्यावर दाखवायला त्याने वायर जोडली. जुळली नाही. उलटी करून पाहिली, तरी नाही. शेवटी विकी नावाच्या पोराने येऊन जोडून दिली. मालकाला सर्व्हर पाडायचा असता तर आधी कुणालातरी हाक मारावी लागली असती, अशी क्लेमेंटीनबाईंनी मनात नोंद केली.

पडद्यावर कालच्या बदलाचं पान आलं. नवीन : दोन. पाडायचं : एक. खाली मंजुरी, ॲनिशा.

ॲनिशा पँट्रीत बसवून ठेवलेली होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"आंटी, मी वाचल्याशिवाय मंजुरी देत नाही. विकीला डिस्क भरत आल्याचा अलार्म बसवायचा होता, तेवढंच. सकाळी त्या पानावर नवीन एक होतं आणि पाडायचं शून्य."

"मग आता तिथे एक कसं?"

"माहीत नाही. मंजुरी दिली आणि वटारला गेले. आलोशियस मामांची मयत होती."

"दिवसभर तिथेच?"

"रात्रीही. आज सकाळी सरांचा फोन आला तेव्हा मामींच्या अंगणात बसले होते. हात भरलेले म्हणून स्पीकरवर घेतला. सर म्हणाले, तू लोकांच्या जिवावर उठलीस, पोलीस तुला न्यायला येतील. सगळं गाव बसलेलं होतं, आंटी. एकानेही मान वर केली नाही."

तिला नोकरीचं काही वाटत नव्हतं. मेलेल्या मामाच्या अंगणात गेलेलं नाव परत कुठून आणायचं, हे तिला कळत नव्हतं.

बदल लिहिणारा विकी खुर्चीत पसरून बसला.

"मॅम, मेरा कोड एकदम सेम आहे. मंजुरीनंतर एक अक्षर नाही बदललं. चेक करा."

क्लेमेंटीनबाईंनी तपासलं होतं. कोड खरंच तोच होता.

"तुझा आराखडा तू वाचलास?"

"वाचायला ॲनिशा आहे ना."

"छान. सर्व्हरमध्ये हाताने शिरता येतं तुला?"

"आधी यायचं. मागच्या वर्षी थोडा लोचा केला, तर रचना मॅमनी माझा ॲक्सेस काढला. आता इमर्जन्सीची चावी फक्त त्यांच्याकडे."

कामचुकारपणा हा गुन्हा असता तर विकीला जन्मठेप झाली असती. पण काल त्याच्या हातात काही करण्याची सोयच नव्हती.

क्लेमेंटीनबाईंनी मार्था सिस्टरला फोन लावला. "सिस्टर, काल काही वेगळं झालं का?"

"सकाळी सिस्टीम फार स्लो होती, मॅडम. मी हितेश सरांवर ओरडले. दुपारी थोडा वेळ बंद पडली आणि मग एकदम पळायला लागली. मी म्हटलं, चला, अलार्म का काय ते बसवलेलं दिसतंय."

"आणि आज पेशंटचं?"

"अंदाजाने चालवतोय. गिरीजचे वॉल्टर काका आहेत ना, त्यांचं पाणी जास्त निघालं, बीपी पडलं. आयसीयूत आहेत. आकडा असता तर असं झालं नसतं."

क्लेमेंटीनबाईंनी फोन ठेवला. मघापर्यंत त्यांना या लोकांची नुसती कीव येत होती. आता किळस आली.

रचना मॅडम शांत होत्या. इस्त्रीची कुर्ती, समोर ग्रीन टी, चेहऱ्यावर दुःखाचा योग्य तेवढा भाव.

"पद्धत चुकत नाही, क्लेमेंटीनजी. माणसं चुकतात."

"तुमचं मशीन संध्याकाळी सकाळचाच आराखडा वापरतं?"

"नाही. सकाळचा संध्याकाळपर्यंत शिळा होतो. मशीन नव्याने ताजा आराखडा काढून कामाला लागतं. पानावरही तोच दिसतो."

"तो ताजा आराखडा कोण तपासतं?"

"मंजुरी सकाळी झालेली असते ना."

"बरं. आणि नोंदी परत मिळण्याची काही आशा?"

रचनाने मान हलवली. "नवी डिस्क सर्व्हरबरोबरच डिलीट झाली. त्यातून काही येणार नाही. मलाही फार वाईट वाटतंय."

क्लेमेंटीनबाई उठल्या. "सगळ्यांना बोलवा. ॲनिशालाही."

सगळे जमले. हितेशने तक्रारीचा कागद सोबत आणला होता.

"आपल्या भागात एक नकाशा पास करून दुसऱ्याच नकाशावर इमारत उभी करतात," क्लेमेंटीनबाई म्हणाल्या. "ते लबाड असतात, पण आपण लबाडी करतोय एवढं त्यांना माहीत असतं. तुम्ही तेच करून वर भाषणं देता. या मुलीला सकाळी एक आराखडा दाखवला, संध्याकाळी दुसराच वापरला आणि पानावर पहिला पुसून दुसरा ठेवला. ती शून्य म्हणते ते खरं आहे."

"पण कोड तर तोच होता!" हितेश म्हणाला.

"कोड म्हणजे काय हवंय ते. आराखडा म्हणजे जे हवंय आणि जे आहे, त्यातला फरक. कोड बदलला नाही, तरी आराखडा बदलला. म्हणजे मधल्या वेळात काय बदललं? जे आहे ते बदललं. कुणीतरी सर्व्हरला हात लावला. सिस्टीम दुपारी पळायला लागली, सिस्टर सांगतात. अलार्म बसवून सिस्टीम पळत नाही, आणि तोही संध्याकाळी बसणार होता. दुपारी कुणीतरी हाताने जुनी डिस्क काढली आणि तिच्यावरचं सगळं उतरवून वेगवान नवी लावली. कोडमध्ये ती लिहिली नाही. संध्याकाळी मशीनला अनोळखी डिस्क लावलेला सर्व्हर दिसला. कोडप्रमाणे तो चुकीचा होता, म्हणून त्याने पाडला आणि नवा कोरा उभा केला. नवी डिस्क सर्व्हरबरोबर गेली."

"कुणी लावली?" हितेशने विकीकडे पाहिलं.

"त्याच्याकडे चावी नाही आणि तुम्हाला वायर जोडता येत नाही. तुम्हीच मला सांगितलंत, दोन वर्षं तीच डिस्क. इथे प्रत्येकाला डिस्क एकच माहीत होती. रचनाबाई, तुम्ही मला नवी डिस्क डिलीट झाली म्हणालात. ती नवी होती हे, जिने लावली तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?"

रचनाने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"विकी, ट्रस्टच्या क्लाउड खात्यात कशालाच न जोडलेल्या डिस्क शोध. आळस नको."

विकीने शोधल्या. एक निघाली, जुनी. कालच्या दुपारपर्यंतच्या सगळ्या नोंदी तिच्यात होत्या. ती सर्व्हरपासून सुटी करणारं लॉगिन, इमर्जन्सीचं.

"सरांनी सिस्टरना पाच मिनिटांत फास्ट करायचं कबूल केलं होतं," रचना हळूच म्हणाली. "मी नंतर कोडमध्ये लिहिणार होते. आणि मीच नियम मोडला असं बाहेर गेलं असतं तर..."

"मोडलात, घाईत मोडलात, एवढं मी समजून घेतलं असतं. पण ही डिस्क आहे हे सकाळपासून तुम्हाला माहीत होतं. एका वाक्यात नोंदी परत आल्या असत्या. वॉल्टर आयसीयूत गेला, ही मुलगी तुरुंगात निघाली, आणि तुम्ही चहा पीत बसलात. तुमच्या भाषणाची अब्रू वाचावी म्हणून!"

नोंदी परत जोडायचं काम विकीकडे गेलं. त्याचा आराखडा ॲनिशाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मगच मंजूर केला. तासाभरात मार्था सिस्टरचा फोन आला, नावं दिसायला लागली होती.

हितेशने तक्रारीचा कागद फाडला आणि घसा साफ केला. "झालं गेलं. रचना मॅडम आपल्याच आहेत. घरातल्या घरात मिटवू या."

"पोरीसाठी पोलीस आणि मॅडमसाठी घर?" क्लेमेंटीनबाई म्हणाल्या. "रचनाबाईंची तक्रार ट्रस्ट करेल. त्या कागदावर शेवटचं नाव तुमचं असेल."

"ॲनिशा, तुला मी सॉरीचा मेल करतो. सगळ्या स्टाफला कॉपी."

"मेल नको, सर," ॲनिशा म्हणाली. ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "स्टाफसमोर तुम्ही मला काही बोलला नव्हतात. चला वटारला. माणसं अजून बसलेली आहेत."

"आत्ता? उद्या जाऊ ना."

"आत्ता."

हितेशने क्लेमेंटीनबाईंकडे पाहिलं. त्यांनी स्कूटरची किल्ली काढली. "मी मागून येते. रस्ता चुकाल."

वटारच्या त्या अंगणात अजून पन्नासेक माणसं होती. हितेश मधोमध उभा राहिला. सकाळी फोनवर बोलला तो मी, असं त्याने सांगितलं. ॲनिशाची काही चूक नव्हती, असंही पुटपुटला, आणि निघायला वळला.

आलोशियस मामांच्या बायकोने, प्रिस्का मामींनी, हात वर करून त्याला थांबवलं.

"मागच्यांना ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "सकाळी तुमचा आवाज चांगला मोठा होता. तसाच परत बोला."

तो परत बोलला, आणि या वेळी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनीही मान वर केली.