मर्लच्या होडीतलं शेवंड

धुकं विरलं तेव्हा मर्ल क्रॉलीची होडी बंदराच्या तोंडाशी नुसतीच गरगरत होती. आत मर्ल पालथा पडलेला. डोकं फुटलेलं. शेजारी ऑसगुड डायरची लोखंडी आकडी.

डिटेक्टिव्ह लोर्ना थॅक्स्टर धक्क्यावर पोचेपर्यंत ऑसगुडच्या हातात बेड्या पडल्या होत्या. शाळेपासूनचा तिचा मित्र.

"शेवंडांच्या पिंजऱ्यांच्या जागेवरून मर्ल आणि हा कालच भांडले," पोलीस कॅप्टन हेल म्हणाला. "आज समुद्रावर हे दोघंच. तुरुंगाची गाडी येतेय. दोस्ती बाजूला ठेव."

"मी नाही गं मारलं," ऑसगुड पुटपुटला.

"गेलास कधी?"

"उजाडायच्या आत. आलो दुपारी. सगळ्यांनी पाहिलंय."

लोर्ना होडीत उतरली. टोपलीत शेवंडं नांग्या उगारत वळवळत होती. सगळ्यात मोठी मादी तिने उचलली, शेपटीची खाच निरखली आणि मर्लच्या पुतण्याकडे वळली. ब्रॅडली याच आठवड्यात बॉस्टनहून आला होता.

"काकांना शेवटचं कोणी पाहिलं?"

"मीच, मॅडम. सकाळी इथे सगळ्यांबरोबर कॉफी घेतली, मग एकटेच पिंजरे उचलायला गेले."

"माल आजचाच?"

"आजचाच. निघाले तेव्हा टोपली रिकामी होती."

"आणि एवढं मोठं शेवंड त्यांनी ठेवून घेतलं?"

ब्रॅडली हसला. "मोठंच तर ठेवणार! सोडतंय कोण?"

धक्क्यावरचे कोळी वळून त्याच्याकडे बघू लागले.

"ही खाच बघा, कॅप्टन," लोर्ना म्हणाली. "अंडी असलेली मादी मिळाली की इथले कोळी शेपटीला खाच पाडून तिला सोडतात. पुढे ती कुणाच्याही पिंजऱ्यात येवो, परत पाण्यातच जाते. मर्ल जन्मभर हेच करत आला. ही ठेवणारा मर्ल नव्हे, ऑसगुडही नव्हे. म्हणजे टोपली भरली तेव्हा मर्ल जिवंत नव्हता. पिंजऱ्यांपर्यंत तो पोचलाच नाही; कॉफीनंतर इथेच, किनाऱ्यावर मारला गेला. ऑसगुड तेव्हा समुद्रावर होता." ती ब्रॅडलीकडे वळली. "ही खाच न ओळखणारा इथे तू एकटाच. ऑसगुडच्या खोपटातून आकडी तू उचललीस. धुक्याच्या आड होडी बाहेर नेलीस, काकांनीच माल काढला असं भासवायला कुणाचे तरी पिंजरे उपसलेस आणि मागे बांधून नेलेल्या लहान नावेतून परत आलास."

ब्रॅडली मागे सरकला. "किनाऱ्याची एवढी जमीन... विकायचं नाव काढत नव्हता म्हातारा."

हेलने बेड्या काढल्या. ऑसगुड सरळ होडीत उतरला आणि मर्लच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसला.

"पाय धरा रे कुणी," तो म्हणाला. "एकट्याला उचलणार नाही हा मला."