गुरुवारची पाळी

दार लोटून घ्या रे, गारठा येतोय. सौना तापायला, दगडांवर पाणी मारलं की वाफ उठायला, अजून अर्धा तास आहे, तोवर बसा. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. यार्मोची आहे, आणि यार्मो बावीस वर्षं माझा शेजारी आहे. हा माणूस बाहेरची थंडीसुद्धा एका अंशानं वाढवून सांगत नाही.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, तेरा तारीख, गुरुवार. संध्याकाळी साडेसहाला यार्मो नवा पंखा आणि तापमापक घेऊन ऑफिसात गेला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना मदत पोचवणारं ते ऑफिस; तिथली मशीनं यार्मोच बघतो. प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा, पट्ट्यावर बटण. कुणी पडलं-झडलं की बटण दाबायचं. हाक सर्व्हरवर येते आणि माणूस धावतो. पण महिनाभर तो सर्व्हर दर गुरुवारी सातच्या ठोक्याला बंद पडायचा आणि आठला आपला आपण सुरू व्हायचा. वायरी बदलून झाल्या, पंखे बदलून झाले. मशीन एवढंच सांगायचं, तापून बंद पडलो.

आता हे मशीन ठेवलं कुठं होतं? तळघरातल्या सौनात! हसा, हसा. जाड वायरिंग तिथंच, दार भक्कम, जागा फुकटची. दगडांची विजेवरची भट्टी उपटली आणि तिथं सर्व्हर बसवला. डोकं यार्मोचंच.

इमारतीचा जुना रखवालदार होता ओइवा. सौना सगळ्या इमारतीचा, प्रत्येकाची वेळ ठरलेली; दर गुरुवारी सात ते आठ त्याची पाळी, एकतीस वर्षं. भट्टी उपटली त्या दिवशी तो बादली घेऊन, वाफेत अंग झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी काखेत मारून दारात उभा राहिला.

"माझी पाळी कुणाला विचारून काढलीस?"

"घरी जाऊन अंघोळ कर की, ओइवा!" यार्मो म्हणाला. सगळे हसले. ओइवा हसला नाही. नाताळ झाला आणि तो वारला.

त्या गुरुवारी ऑफिसची प्रमुख तुइया जिन्यातच भेटली. "मागच्या वेळी एक बाई चाळीस मिनिटं फरशीवर पडून होती, यार्मो. तुझ्या आईच्या हातातही तोच पट्टा आहे ना?"

"आज शोधतोच."

"महिनाभर हेच ऐकतेय मी."

खाली उतरताना त्यानं आईला, हिल्क्काला, फोन लावला. "आई, सात ते आठ खुर्चीतून उठू नकोस."

"का? माझा पुतळा करतोस का? आणि लघवीला लागली तर?"

"अगं, तासाभराचा तर प्रश्न आहे!"

भट्टीचा जुना टाइमर भिंतीवर तसाच होता. गुरुवारी सातला त्यातूनच वीज सुटत असेल, या संशयानं त्यानं त्याची वायरच कापली. मग आत बसला. दार बंद. तापमापकावर एकवीस. सौनातली बसायची वरची फळी तेवढी काढायची राहिली होती.

सात वाजले.

वरची फळी करकरली. कुणीतरी बसावं तशी.

अठ्ठावीस... चाळीस... त्रेपन्न.

पंखा गरगरत होता. भट्टी तिथं नव्हती. पाणी नव्हतं. तरी दगडावर पाणी पडल्यासारखं... स्स्स्स... चुरचुरलं. कानाच्या पाळ्या भाजल्या. सर्व्हरचे हिरवे दिवे एकेक करत गेले.

"ओइवा...?"



पुन्हा पाणी पडलं.

पळायला हवं होतं. तो तिथंच बसून राहिला. यार्मो आजही म्हणतो, आयुष्यात एवढा कधी घाबरलो नाही.

मग वरची फळी हलकी झाली. कुणीतरी उतरलं. ओली पावलं त्याच्या अगदी जवळून गेली. दार उघडलं नाही.

आठला खोली गार. दिवे लागले. पडद्यावर अडकलेली एकच हाक आली. हिल्क्का. सात वाजून बारा मिनिटं.

बाहेर उणे चोवीस. गाडी कशी हाकली ते त्याला आठवत नाही. दाराला कुलूप होतं. स्वतःच्या किल्लीनं उघडलं.

आई पलंगावर घोंगडी पांघरून बसलेली.

"ओरडू नकोस. गेले होते बाथरूममध्ये, घसरले. पण तुझा माणूस आला की लगेच."

"कोण माणूस?"

"मला काय ठाऊक! म्हातारा. कमरेला टॉवेल, पाय अनवाणी. म्हटलं, लाज नाही का रे, एवढ्या थंडीत? पण हात काय गरम होते त्याचे! अलगद उचललं मला."

"काही बोलला?"

आईनं घोंगडी खांद्यावर ओढून घेतली.

"म्हणाला, मुलाला सांग. आज उचललं... पुढच्या गुरुवारी नाही उचलणार."

यार्मोनं रात्रीच सर्व्हर एकट्यानं वर, चहाच्या खोलीत नेला. आठवड्याभरात भट्टी परत बसवली, दाराबाहेरच्या पाळ्यांच्या कागदावर ओइवाचं नाव पुन्हा लिहिलं. सर्व्हर आजवर एकदाही बंद पडलेला नाही. गुरुवारी सात ते आठ तिथं कुणी जात नाही.

पण एक राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी, आईचा हात धुवायला म्हणून त्यानं तिच्या मनगटावरचा पट्टा सोडवला. बाहेर कंबरभर बर्फ. आपण हिवाळ्यात वाळलेल्या डहाळ्या वापरतो, ठाऊक आहे ना? पट्ट्याखाली बर्चचं एक पान चिकटलं होतं. हिरवंगार. आत्ता तोडल्यासारखं.

आणि अजून गरम होतं.