आवंढा

"हलू नका हं... ओढणी लागली की खरखरतो."

नम्रताने मान खाली करून पाहिलं. लोअर परळच्या त्या काचेच्या ऑफिसात एक अनोळखी माणूस तिच्या कुर्त्याला माइक लावत होता आणि बोलणार ती असून घाबरला होता तो.

"नाव काय तुमचं?"

"यतीन. साउंडवाला."

"साउंडवाल्याचे हात थरथरतात?"

"बोलणारी बाई इतक्या जवळून बघते... तेव्हा थरथरतात."

तिला हसू आलं. भाषणाआधी तिला कधी हसू येत नसे. भाषण तरी कसलं, आपलंच दुःख अठरा मिनिटांत बसवायचं. परळच्या चाळीतलं बौद्ध घर. वडील रामदास गटार साफ करायला उतरले ते वर आलेच नाहीत. चौदा वर्षांच्या नम्रताची वाचा त्या धक्क्याने अडखळली. दोन वर्षांनी चौदा एप्रिलच्या मंडपात तिला कुणीतरी माइकसमोर ढकललं आणि जीभ मोकळी झाली. आता कंपन्या विविधता दिवसाला तिला बोलावत आणि 'शेवट जरा आशादायी ठेवा हं' असं आधीच बजावत.

"मी नम्रता रामदास गमरे," इथून ती सुरुवात करायची. आणि "बाबांच्या चपला झाकणाशेजारीच होत्या," या वाक्यापाशी दर वेळी आवंढा यायचा. स्पीकरमधून तो सगळ्यांना ऐकू जायचा. त्या दिवशी गेला नाही.

"तुम्ही माझ्या माइकचा आवाज खाली घेतलात?" नंतर तिने विचारलं.

"दोनच सेकंद. आवंढा तुमचा होता... लोकांना कशाला?"

झालं! नम्रता प्रेमात पडली, साफ पडली. चार महिने ती प्रत्येक कार्यक्रमाला त्यालाच मागून घेत होती. कार्यक्रम संपला की दोघं हिंदमातापर्यंत चालत जायची, साड्यांच्या दुकानांसमोर उगाच रेंगाळायची.

"आडनाव कळलं की माणसं बदलतात रे," एकदा ती म्हणाली.

"मी तर रोज ऐकतो. बदललो?"

मग तो तिला गिरगावात घरी घेऊन गेला. त्याच्या आईने, सुरुचीताईंनी, मायेने पोहे केले, चहा दिला. तिचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

नम्रताने तोंड उघडलं...

"आई, चहा उतू जातोय!" यतीन ओरडला. सुरुचीताई लगबगीने आत गेल्या. तो विषय पुन्हा निघालाच नाही.

जिन्यात ती थांबली. "गॅस बंद होता, यतीन."

"आईला हळूहळू सांगू ना... थोडा वेळ—"

"पहिल्या दिवशी माइक खाली घेतलास, तेव्हा जीव जडला माझा. आज कुणासाठी घेतलास?"

ती एकटीच निघून गेली. पंधरा दिवस तिने त्याचा फोन उचलला नाही.

सोळाव्या दिवशी दादरच्या एका हॉलमध्ये तो माइक घेऊन समोर उभा राहिला. लावला आणि मागे साउंडच्या टेबलापाशी गेला. ती बोलू लागली. चपलांपाशी आवंढा आला आणि सबंध हॉलला ऐकू गेला. यतीनने बटणाला हात लावला नव्हता. तो रडत होता.

"आशादायी शेवट आज माझ्याकडे नाही," एवढं बोलून नम्रता खाली उतरली.

"आईला सांगितलं," तो जवळ येऊन म्हणाला. "आडनाव, बाबांचं काम... सगळं."

"मग?"

"तू चहा प्यायलेला कप... गॅलरीत टाकलाय तिने. कुंड्यांना पाणी घालायला."

असल्या गोष्टींनी आता आपल्याला काही होत नाही, असं नम्रताला वाटायचं. आज झालं.

"मी त्यातच चहा पितो आता," तो म्हणाला. "आई बोलत नाहीये माझ्याशी. प्रेम आहे माझं तुझ्यावर, नम्रता. उशिरा बोललो."

"खूप उशिरा."

तिने स्वतःच माइक काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. हात मात्र लगेच मागे घेतला नाही.

"रविवारी परळला ये. माझी आई तुझं आडनाव विचारेल. ऐकलं की उठून आत जाईल... बाबा गेल्यापासून तुमच्यासारख्यांच्या घरांवर तिचा विश्वास नाही."

"मग मी काय करू?"

"बसून राहा," नम्रता म्हणाली. "चहा गार झाला तरी."